लोकाची पोर

काकूने सगळ्या आयुष्यात एकदाच मला आपली म्हटले. तेही चिखलीच्या शाळेत, हेडमास्तरांच्या टेबलासमोर, आणि अगदी गळ्याशी आले म्हणून. एरवी कुणी विचारले, ही तुमची का हो, की ती अंगावर पाल पडल्यासारखी हात झटकायची. "कुठची माही, बाप्पा. लोकाची पोर हाय. मी नुसती सांभाळतो." वास्तविक मी तिच्याच पोटची. नाक तिचे, हट्ट तिचा, रागाने फुगायची तऱ्हासुद्धा तिचीच. पण मी तिला काकूच म्हणायचे, कारण बोलायला लागले तेव्हापासून मला तसेच शिकवले होते.

माझ्याआधीची तिची लेकरे पाळण्यातच गेली होती. म्हणून मी झाले तेव्हा अमडापूरच्या जाणत्या बायकांनी मला सुपात घातले आणि मागच्या आळीतल्या जनाबाई कुंभारणीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवले. जनाबाईने काकूच्या पदरात ओंजळभर ज्वारी टाकून मला विकत घेतले. मग जनाबाईची पोर सांभाळायची म्हणून काकूने मला परत घरी आणले. मरण पुन्हा आमच्या दाराशी आलेच, तर त्याला या घरातले काही सापडू नये, एवढीच त्यातली युक्ती. नाव ठेवले धोंडी. "धोंड्याले कोन नेते?" असे काकू म्हणायची. अशी विकलेली लेकरे गावात आणखीही होती, पण ती पळू-खेळू लागली की त्यांच्या आया तो सौदा विसरून जात. काकू विसरली नाही. मी रांगत असतानाच माझे वडील तापाने गेले आणि त्यानंतर तर तिचा पहारा फारच कडक झाला.

आमचा भाजीचा मळा होता. बाजारच्या दिवशी काकू वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसायची आणि मी शेजारी. एखादी बाई म्हणायची, पोर मोठी गुणाची दिसते हो, की काकू म्हणायची, "घेऊन जा मंग. वांग्यावर फुकट देतो." मी लहान होते, मला ते खरेच वाटायचे आणि मी भोकाड पसरायचे. मग ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची, पण आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, हे आधी बघून. नवे कापड तिने मला कधी थेट घातले नाही. आधी ते जनाबाईकडे जायचे, आणि तिने अंगाला लावून जुने केले की माझ्या अंगावर यायचे.

शाळेत घालायला मला तीच घेऊन गेली. मास्तर परमुलखातले, नवे. त्यांनी बापाचे नाव विचारले. काकूने सांगितले, गणपत कुंभार. म्हणजे जनाबाईचा नवरा. तिथे गावातली चार माणसे उभी होती, पण कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण विकलेल्या लेकराचे नाव असेच सांगायचे असते. मास्तरांनी ते लिहून घेतले. मी सातवी पास होईपर्यंत धोंडी गणपत होते आणि त्याने कुणाचेच काही अडले नाही. जनाबाई आणि गणपतमामा मधल्या काळात गाव सोडून शेगावला गेले, तेव्हाही नाही.

अडले ते सातवीनंतर. गावातली शाळा तिथेच संपत होती. माझ्या चुलत्यांनी सरळ सांगून टाकले की चिखलीच्या हायस्कुलात नाव लागले तर ठीक, नाही तर येत्या मोसमात हिला उजवून टाकू, स्थळ पाहून ठेवले आहे. चुलते दुष्ट नव्हते. विधवा भावजय आणि तिची वाढती पोर यांचे ओझे त्यांना खाली ठेवायचे होते. दुसऱ्या दिवशी काकू पहिल्या मोटारीने मला घेऊन चिखलीला निघाली. वाटेत एवढेच म्हणाली, "माहं जे झालं ते तुहं होऊ देत नाही."

हेडमास्तर काळ्या टोपीचे, नियमाला पक्के. दाखला पाहून त्यांनी विचारले, गणपत कुठे आहेत? काकू म्हणाली, गावात नाही. मग तुम्ही हिच्या कोण? काकूने सवयीने सांगून टाकले, "मी कोनी नाही. सांभाळतो." हेडमास्तरांनी दाखला माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, हिच्या आईबापांना घेऊन या, त्याशिवाय नाव लागणार नाही. मी तिचा पदर ओढला. तोंडात आलेला शब्द तिच्याकडे बघून गिळला. दुसरे काही म्हणायला ती तयार नव्हती.

तिथून आम्ही शेगाव गाठले. कुंभारांची वस्ती शोधत उन्हातान्हात हिंडलो. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले की जनाबाई मागेच वारली आणि गणपत गेल्या हिवाळ्यात तिच्या मागोमाग गेला. काकू तिथेच एका फुटक्या रांजणाला टेकून खाली बसली. तिचे रडणे मी त्याआधी पाहिले नव्हते. स्टेशनाकडे परतताना मी म्हटले, काकू, मंदिरात जाऊ, महाराजांना माग ना काही. तिने बाहेरूनच कळसाला हात जोडले. "काय मागू?" ती म्हणाली. "मागतलं तं माही म्हना लागते."

नावे घ्यायच्या शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा हेडमास्तरांच्या खोलीत उभ्या होतो. बाहेर लोकांची रांग. काकूने पदराची गाठ सोडली आणि टेबलावर ज्वारी ओतली. हे काय, म्हणून हेडमास्तर चिडले. तिने त्यांना माझ्या जन्मापासूनची सगळी हकीकत सांगितली. मग म्हणाली, "सायेब, मी सांगतो ही कोनाची ते. पन सांगतल्याबरोबर तुमी हिले इकत घ्याची. मधात येळ नोको."

हेडमास्तर म्हणाले, बाई, ही शाळा आहे, असल्या गोष्टी इथे चालत नाहीत.

काकूने टेबलाची कड धरली. "नाही म्हनलं तं हिचं लगन लावून देतीन. म्हनलं तं हिले मरन येते. मी काय करू, तुमीच सांगा."

दाराबाहेरच्या रांगेकडे हेडमास्तरांनी एकदा पाहिले, मग माझ्याकडे. टोपी काढून बाजूला ठेवली, टेबलावरची ज्वारी दोन्ही हातांनी गोळा केली आणि ओंजळ धरून उभे राहिले. "म्हणा," ते म्हणाले.

काकूने माझे मनगट इतके आवळले की बांगडी पिचली. "ही माही हाय," ती म्हणाली. "माह्या पोटची हाय." आणि त्याच दमात पदर पुढे पसरला. हेडमास्तरांनी ओंजळ रिती केली. चार दाणे खाली सांडले, तर तिने वाकून तेही वेचले, सौदा अर्धा राहायला नको म्हणून. मग अंगठा दिला. माझे नाव लागले.

त्या दिवसापासून मी सायेबाची पोर झाले. मी चिखलीतच राहणाऱ्या मावशीकडे राहून शिकू लागले. काकू भाजी घेऊन चिखलीच्या बाजाराला येई, शाळेच्या फाटकाशी थांबे आणि शिपायाला विचारी, सायेबाची पोर बरी हाय ना? श्रावणात मला ताप भरला. निरोप मिळताच ती धावत आली, पण माझ्या खाटेजवळ येईना. माह्या तोंडून निघालं, माह्याच तोंडून, असे पुटपुटत अंगणातच भिंतीला लागून बसून राहिली. मग तिने मावशीला हेडमास्तरांकडे पिटाळले, तुमची पोर बिमार हाय म्हणून. एवढा शिकलेला माणूस, पण खरोखर आला. उंबऱ्यात उभे राहून काकूला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, "माझी मुलगी कशी आहे?" तेव्हा कुठे ती उठली आणि माझ्यासाठी पेज करायला चुलीकडे गेली. त्या माणसाचे उपकार मी कशाने फेडणार होते?

काकूचे शेवटचे आजारपण माझ्याच घरी निघाले. मी तोवर शिकून, नोकरी करून, नातवंडांची आजी झाले होते. माझे केस पांढरे झाले होते, आता मला कोण कशाला न्यायला येणार होते? एक दिवस नव्या डॉक्टरांनी तिला सहज विचारले, आजी, ही मुलगी का तुमची? काकूने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. तिने तो शब्द आता म्हणावा, असे मला फार, फार वाटले. मग डॉक्टरांकडे मान वळवून ती हळूच म्हणाली, "सायेबाची पोर हाय. मी सांभाळली नुसती."

माझ्याही ओठांवर आई हा शब्द आला होता. पण तिने जन्मभर दिलेला पहारा शेवटच्या घटकेला मोडायचा मला धीर झाला नाही.

"हो," मी डॉक्टरांना म्हटले, "काकू आहे माझी."

काकूचा चेहरा निवांत झाला.