पोपटाच्या मुठीची छत्री

आमच्या बाबांना माणसं कळत नसत, काठ्या कळत. ओसरीवर पाहुणा टेकला की त्याच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी हातातली काठी मागून घ्यायचे. वेत कसा आहे, मूठ अखंड लाकडाची की जोडलेली, टोकाची पितळी शेंबी किती झिजली, सगळं बोटांनी चाचपायचे. स्वतःच्या काठीला दर रविवारी जवसाचं तेल. आम्हा पोरींच्या डोक्याला तेल लागलं की नाही, ते मायनं बघायचं.

तेव्हा मला बघायला येणाऱ्यांची परीक्षा कुठून सुरू व्हायची, हे वेगळं सांगायला नको. मामा स्थळं आणायचा ती फुलसावंगीकडच्या एकाच खेड्यातून, आणि तीही कापूस घरात आल्यावर, भर माघात. आभाळात ढग औषधाला नाही, पण नवरदेव छत्री घेऊन हजर! तेव्हा रीतच होती तशी. छत्री पावसासाठी नसायची, वजन पाडण्यासाठी असायची.

पहिल्या पोराची छत्री बघून तर बाबा पार वेडे झाले. शिसवी दांडा, पोपटाच्या मानेसारखी वळवलेली मूठ, डोळ्यांच्या जागी लाल मणी, गळ्यात चांदीची पट्टी. "आमच्या आजोबानं नागपूरहून आनली," पोरगा ऐटीत म्हणाला. बाबांनी उघडून दाखवा म्हटलं, तर त्याला खटकाच सापडेना! स्थळ गेलं. मला काही वाटलं नाही, कारण माझ्याकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं.

काही दिवसांनी दुसरा आला. छत्री तीच! हा म्हणे, "मागच्या महिन्यात मीच घेतली." बाबांचा पारा चढला. पाहुणे गेल्यावर त्यांनी मामाला धरलं, तेव्हा मामानं सांगून टाकलं. त्या गावात चांगली छत्री एकच, पाटलांची. पोरगी बघायला निघालेला जो तो ती मागून न्यायचा.

"एका छत्रीवर सारं गाव लगन करून राह्यलं?" बाबा कडाडले. "मले काय येडा समजता? आता हा पोपट या ओसरीत पुन्हा दिसला, तं पाव्हन्यासकट हाकलतो!"

मामा बरं म्हणाला आणि विसरला.

तिसरा आला तेव्हा बाबा वावरात होते. मी दाराच्या फटीतून बघत होते. पोरगा ओसरीवर बसून छत्रीशी चाळा करत होता आणि एकाएकी फाडकन ती उघडली. मामाची टोपी उडाली ती थेट पाण्याच्या बादलीत! पोराला असं हसू फुटलं की आवरेचना. त्याचा काका डोळे वटारतोय, आणि हा टोपी काढून पिळतोय, मामाची माफी मागतोय, पुन्हा हसतोय. दाराआड मीही फिसकन हसले. त्यानं चमकून दाराकडे पाहिलं. झालं! मला हाच पाहिजे होता. खोटं कशाला बोलू?

मग पाहुणे पाय धुवायला मागे गेले. छत्री खुंटीवर, पोपट लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघतोय, आणि तेवढ्यात बाबांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज! बाबा बोलतील तसं करणारे. मी छत्री उचलली, कापसाच्या खोलीत धावले आणि ढिगात खांद्यापर्यंत हात घालून ती खुपसली.

बाबा आले, बोलले, खुलले. रिकाम्या हाताचा पाहुणा बघून त्यांना नाइलाजानं पोराच्या तोंडाकडे बघावं लागलं, आणि ते त्यांना आवडलं. सगळं गोडीत चाललं होतं. निघताना पोरानं खुंटीकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"माही छत्री..."

"कोनती छत्री?" बाबांनी विचारलं. मामाला अचानक खोकला आला.

"म्हंजे, माही नाही जी. गावाची हाये, पोपटाच्या मुठीची. उद्या दुसऱ्या पोट्ट्याले पोरगी पाहाले न्याची हाये. हरवली तं मले गावात पाय ठेवू देनार नाहीत."

बाबांनी मामाकडे रोखून पाहिलं. माय आणि पोराचा काका खाली वाकून बाजेखाली बघू लागले. पोराचं तोंड मला बघवेना. मी आत गेले आणि छत्री घेऊन आले. चोचीपासून शेंबीपर्यंत पोपट पांढराफटक.

"कापसात कोनं घातली?" बाबांनी विचारलं.

मायनं कपाळावर हात मारला. मी तोंड उघडणार, तोच पोरगा म्हणाला, "मीच ठेवली जी."

तो त्या खोलीकडे फिरकलासुद्धा नव्हता. बाबांनी त्याचे स्वच्छ हात पाहिले. मग माझी वेणी पाहिली, ती टोकापर्यंत कापसानं भरलेली. माझ्या हातातली छत्री त्यांनी घेतली आणि न चाचपता खुंटीला टांगली. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"बोलनी आजच उरका," ते मामाला म्हणाले. "नाही तं उद्या ही पोट्टी या पोट्ट्यालेच कापसात लपवन!"