बाबांचं बंडीतलं मरण

पुस्तकासाठी मी माझ्या वडिलांना मारून टाकलं. हे सुरुवातीला कोणाला सांगितलं नाही, कारण वडील इथंच, आमच्या वऱ्हाडी मालेगावात, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असतात.

मी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बाबा बसचे कंडक्टर होते. त्यांच्या नोकरीवर मी इंग्रजीत आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि छापून यायचं तर लंडनलाच, अशी हाव धरली. तिथले मोठे प्रकाशक लेखकाच्या हातून काही घेत नाहीत; मध्ये एजंट लागतो. तो मी मालेगावात बसून शोधू लागलो. तिकडच्या एजंटांना म्हणे दूरदेशीचे, कुणी न ऐकलेले आवाज हवे असतात. मी माझा पाठवला. उत्तरं यायची ती गोड. लेखन उत्तम आहे, पण आम्ही त्याच्या प्रेमात पडलो नाही. आमच्याकडे प्रेमात न पडता लग्नं होतात, नातवंडं होतात. यांना प्रेमात पडल्याशिवाय एक बाड पुढं सरकवता येत नाही.

शेवटी एक बाई अर्ध्या प्रेमात पडल्या. म्हणाल्या, शेवट मिळमिळीत आहे. वडील निवृत्त होतात, हार घालून घेतात, घरी येऊन जेवतात. वाचकाचं काहीतरी गेलं पाहिजे.

काय गेलं पाहिजे ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी ओळखलं. लहानपणापासून हुशार विद्यार्थी. शिरपूरच्या ज्या रस्त्यावर बाबांनी निम्मी नोकरी घंटीची दोरी ओढण्यात काढली, तो डांबरी रस्ता मी उखडून टाकला. गावाला बस ठेवली नाही. बाबांना साप चावला, आणि दवाखान्यात नेता नेता ते बंडीत, म्हणजे बैलगाडीत, गेले. बैलांच्या डोळ्यांतसुद्धा पाणी आणलं. लंडनहून इथं तपासायला कोण येतंय?

बाई पुऱ्या प्रेमात पडल्या. करार करण्याआधी एकदा फोनवर समोरासमोर बोलू म्हणाल्या. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून मी बसलो. वडिलांशिवाय घर कसं वाटतं, असं त्या हळुवारपणे विचारत होत्या, एवढ्यात बाबा पेरूच्या फोडी घेऊन आत आले आणि कॅमेऱ्यात अख्खे दिसले.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"अंकल," मी म्हणालो. "माय फादर्स ब्रदर."

बाबांचं इंग्रजी तिकिटापुरतं. पण फादर आणि ब्रदर कळायला तेवढं पुरतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बशी खाली ठेवली आणि फोनला हात जोडले.

"माय ब्रदर, व्हेरी गुड मॅन. ऑनेस्ट. नेव्हर विदाउट तिकीट."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. काकांच्या चेहऱ्यावर केवढं दुःख आहे, म्हणाल्या. त्यांनाही पुस्तकात घ्या.

फोन बंद झाला. बाबा तिथंच उभे.

"मी काका, त तुया बाप कुठी गेला?"

"गेला."

"कायनं?"

"साप चावला. दवाखान्यात नेता नेता... बंडीत."

"बंडीत? काहून? गाड्या बंद होत्या का?"

"पुस्तकात रस्ताच नाही, बाबा."

ते खाली बसले. "मारलं त मारलं. म्हातारा मानूस, कवा तरी जाणारच. पण सारी जिनगी लाल गाडीत काढली मी, अन् तू मले बंडीत मारून राह्यला? तेरवी तरी केली का लेका, का तेही लंडनवाल्यायवर सोडली?"

त्यानंतर घरात मला तोंड वर काढायची सोय उरली नाही. चहा विचारला की, "मेलेल्याले कायले चहा?" जेवायला हाक मारली की, "काकाले वाढ, तुया बाप त गेला." शेजाऱ्यांसमोरही तेच. हे सगळं ते हसत म्हणायचे; पण रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन गाड्या बघत बसायची त्यांची सवय होती, ती सुटली. ते मात्र मला बघवेना.

मी बाईंना खरं कळवलं. वडील जिवंत आहेत, रस्ता डांबरी आहे, बैल आमच्याकडे कधीच नव्हते. वडील हयात असल्याबद्दल बाईंनी मनापासून अभिनंदन केलं, आणि पुस्तक घेता येत नाही याबद्दल तितक्याच मनापासून दिलगिरी.

"काय म्हनते ते बाई?"

"अभिनंदन म्हणते. तुमचं."

"अन् पुस्तक?"

"नाही घेत."

बाबा उठले, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट अंगात घातला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"लाव फोन. काका सांगते त्या बाईले, का भाऊ खरंच गेला. पोरगं दुःखात काहीबाही लिहून बसलं म्हनाव."

नको म्हणायला मला क्षणही लागायला नको होता. लागला. तेवढ्यात बाबांनी गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावून घेतली.