चंद्रीच्या पसंतीची स्पोर्ट्स कार

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातले सुसाट आबा आयुष्यात कधी म्हशीच्या मागून चालले नाहीत. ते पुढे, म्हैस मागे. दिवाळी पाडव्याच्या सगराला, म्हणजे नटवलेल्या म्हशी पळवायच्या सणाला, ते सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवरून निघायचे आणि शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ घातलेली त्यांची चंद्री मागून धावायची. आबांचा चेहरा असा, की विमानच चालवताहेत.

मग गुडघा गेला. डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. पाडवा तोंडावर आलेला. मुलगा म्हणाला, टेम्पोतून जाऊ. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टेम्पोमागनं पळाली तर बाजारात इकाय काढल्यागत दिसंल. चंद्रीला काय वाटंल?"

मी गाडी शिकवतो, म्हणून आबांचा 'मास्तर'. माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, स्पोर्ट कार बघायची हाय. उघड्या टपाची. म्हशीला मी दिसलो पायजे." बजेट विचारलं, तर म्हणाले, "पाच म्हशींच्या वर जायचं न्हाय. आणि चंद्री त्यात धरायची न्हाय."

जुन्या गाड्यांच्या दुकानात विक्रेता गाडी शंभरचा वेग किती झटक्यात गाठते ते रंगवून सांगू लागला. आबांनी शांतपणे विचारलं, म्हशीच्या चालीनं चालवली तर तापते का? त्या पोराला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. एक विजेवरची गाडी आबांनी मुकी म्हणून नाकारली. एका लालभडक गाडीत ते ऐटीत बसले, पण ती इतकी बुटकी, की बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो. शेवटी कोपऱ्यात एक पिवळी सापडली. क्लच नाही, म्हणजे गुडघ्याला त्रास नाही, आवाज भरपूर. टप मात्र उघडा तो उघडाच, बंद होत नाही, म्हणून स्वस्त. आबा खूश. "बंद कशाला कराय पायजे?"

तरी पैसे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी पसंतीला चंद्री आणली. मी गाडी सुरू केली, आबा शेजारी. इंजिन गरजलं. चंद्रीने दुकानाचं झेंडूचं तोरण ओढलं आणि निवांत चघळत बसली. आबांचा चेहरा उतरला. मग माझ्या खांद्याला धरून, कण्हत, ते सीटवर उभे राहिले आणि त्यांनी हाक घातली, "चंद्रेऽऽ, हुर्रऽऽ!" मी गाडी पुढे काढली, तशी तोरण तोंडातच ठेवून चंद्री मागे सुटली. विक्रेता तिच्यामागे, तोरणासाठी.

पैसे देऊन गाडीतून परतताना मी म्हणालो, "आबा, ती तुमच्या हाकेवर पळते. मग रिक्षासुद्धा चालली असती."

"चालली असती की," आबा पिवळ्या दारावर हात फिरवत म्हणाले. "पर मास्तर, हौस काय एकट्या चंद्रीलाच हाय व्हय?"

त्या पिवळ्या गाडीतून त्यांनी तीन सगर गाजवले. आबा आता नाहीत. पाडव्याला गाडी मीच चालवतो, मुलगा सीटवर उभा राहून बापाच्या सुरात हाक घालतो. चंद्री कान टवकारते, दोघांकडेही नापसंतीनं बघते, आणि कुणावर तरी उपकार केल्यासारखी पळत सुटते. ती थकली, की मी गाडी हळू करतो. गाडी अजून एकदाही तापलेली नाही.