टिकारामचे चार दिवस

प्रेमला गजभिये हुडको वसाहतीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. माहेर भंडाऱ्याकडचं, नवरा गुलाब रेल्वेत. त्यांच्या घरी बुद्धवंदना, आमच्याकडे एकादशी. वाट्यांची देवाणघेवाण मात्र रोजची. खुर्सीपार वस्तीच्या पलीकडे ओतकामाचा एक खाजगी कारखाना आहे, तिथं ती संगणकावर बसते. एक्याण्णव साली संगणक आला तेव्हा ऑफिसात टायपिंग येणारी ती एकटीच होती, म्हणून तिलाच शिकायला पाठवलं. ही गोष्ट घडली तेव्हा ती स्वतः अजून कच्च्या नोकरीवर होती. येत्या एप्रिलमध्ये पक्की करू, असं साहेब म्हणाले होते.

गेटवरच्या रजिस्टरात कामगाराच्या येण्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. ती प्रेमला संगणकात भरते आणि मग कोण किती दिवस आलं ते संगणकाला विचारते. या विचारण्याला तिच्याकडे क्वेरी म्हणतात, आणि ती तिनंच लिहिलेली. वेळ छाटून टाकायची, नुसती तारीख ठेवायची, वेगवेगळ्या तारखा मोजायच्या. दीड वर्ष ते बिनबोभाट चाललं.

मार्चात भट्टीवरचा ठेक्याचा माणूस टिकाराम तिच्या खिडकीशी आला. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की त्याचं नाव पक्क्या नोकरीच्या यादीत जाणार होतं, आणि यादी शनिवारी निघायची होती. संगणक दोनशे छत्तीस दाखवत होता.

"बाई, मी भिंतीवर रेघा मारून मोजले. मंग हे चार दिवस मी कुठं गेलतो?"

प्रेमलानं रजिस्टर काढलं. दिवस भरलेले होते. साहेबांना, म्हणजे नरहरीबाबूंना सांगितलं, तर ते म्हणाले, हातानं आकडा बदलायचा नाही, एकाचे चार वाढवले की उद्या खिडकीशी रांग लागेल. आणि मशीन काही चुकत नसतं.

गुरुवारी संध्याकाळी ती वाटी परत करायला आली. मी देवापुढं दिवा लावून वही लिहायला बसले होते. माझ्या लेकीला, रमाला ताप होता, तो पहाटे साडेतीनला उतरला, एवढंच लिहायचं होतं. प्रेमला वाकून बघत होती.

"काकू, साडेतीनले तर तारीख बदलली. तुम्ही हे कालच्या पानावर कावून लिहून राहिल्या?"

मी म्हटलं, "सूर्य उगवल्याशिवाय आमचा दिवस बदलत नाही. घड्याळाचं घड्याळापाशी."

ती बसली. माझीच पेन्सिल घेऊन वाण्याच्या कागदावर रेघा ओढायला लागली. मग मलाही समजावून सांगितलं. तिसरी पाळी रात्री बाराला सुरू होते. टिकाराम सोमवारच्या रात्रपाळीला उशिरा पोचला, बारा वाजून दहा मिनिटांनी. मंगळवारच्या रात्रपाळीला वेळेआधीच आला, रात्री साडेअकराला. घड्याळानं पाहिलं तर दोन्ही वेळा तारीख मंगळवारचीच. वेळ छाटली की दोन रात्रींचा एक दिवस होतो. वर्षभरात असं चारदा झालेलं.

शुक्रवारी तिनं क्वेरी बदलली. प्रत्येक नोंद आधी सहा तास मागे सरकवायची, म्हणजे दिवस रात्री बाराऐवजी सकाळी सहाला बदलेल, मगच वेळ छाटायची. टिकारामचे दोनशे चाळीस आले. पण आणखी अकरा जणांचे आकडे हलले, आणि त्यातले तिघे गेल्या वर्षीच्या यादीतून गळलेले होते.

तेव्हा टिकारामपुरतं दाखवून गप्प बसता आलं असतं. दुपारी तिचा डबा घेऊन आलेल्या गुलाबनं तेच सुचवलं, एप्रिल आठ दिवसांवर आहे म्हणून. ती बाराही जणांचे कागद घेऊन साहेबांपुढं उभी राहिली.

साहेबांनी विचारलं, "गेल्या वर्षीच्या यादीवर सही कोणाची?"

"माझीच."

टिकाराम पक्का झाला. ते तिघेही झाले, जरा उशिरानं. प्रेमला मात्र एप्रिलमध्ये पक्की झाली नाही, तिची कच्ची नोकरीच आणखी सहा महिने वाढवली. टिकारामनं नारळ आणून दिला. त्यातला अर्धा तिनं आमच्याकडे पाठवला आणि मी तो नैवेद्याला ठेवला.

वहीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं: नारळ गोड निघाला. प्रेमला म्हणते, आता ऑक्टोबर.