आक्कांनी घेतलेलं नाव

एके सकाळी सावेडीच्या घरी गावाकडून, बेलापूरहून पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली." सुभद्राआक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई... महिना होऊन गेला त्याला. भेटायला येणारे सगळे त्यांच्या सोशिकपणाबद्दल बोलतात. ते खोटं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या समुद्राकाठच्या आक्का.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझं लग्न नवं होतं. ऊस कारखान्याला गेला, सासूबाईंनी कशीबशी परवानगी दिली आणि आम्ही दोघी जावा, दोघे भाऊ एस.टी. बदलत बदलत हरिहरेश्वरला पोचलो. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. देवळामागची प्रदक्षिणेची वाट कड्यांच्या फटीतून पायऱ्या पायऱ्यांनी उतरते आणि एकदम दर्याच समोर येतो. लाटांनी पोखरून जाळी पडलेले खडक पाहून आक्का पदर सावरायचंही विसरल्या. "मंगल, केवढं गं हे... ह्याला पल्याड न्हाईच का?"

भरती लागायच्या आत वर या, असं पुजाऱ्यांनी बजावलं होतं. थोरले दीर, रंगनाथदादा, त्यावर हसले. पुणतांब्याला मामांकडे, नदीकाठी वाढलेला गडी! तिकडे नदीला गंगाच म्हणतात. "पुरातली गंगा पोहलोय मी," म्हणाले, आणि पार टोकाच्या खडकावर बाजूच्या कड्याकडे तोंड करून उभे राहिले.

पाणी कधी चढलं, कळलंच नाही. मघाशी कोरड्या असलेल्या खळग्यात फेस दिसला, आणि बघता बघता आमच्या नि त्यांच्या मधली सखल जागा भरून वाहू लागली. माझे यजमान "दादा, दादा" ओरडत पुढे धावले आणि शेवाळावरून घसरून आपटले. आक्का नुसत्या "अहो... अहो" करत होत्या. त्या गर्जनेत काही पोचेना. तेवढ्यात लांबून एक लाट उठताना दिसली, पाठीमागचं आभाळ झाकणारी.

"रंगनाथ! ए रंगनाथ! माघारी फिर!"

आक्कांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. दादांनीही नसावा. ते चमकून वळले, लाट दिसताच त्यांनी उडी टाकली, आणि ते उभे होते तो खडक पाण्याखाली गेला. परतणारं पाणी त्यांना ओढू लागलं, तेव्हा आक्का कमरेएवढ्या पाण्यात होत्या. त्यांनी सदऱ्याची बाही धरली, ह्यांनी आक्कांचा हात धरला... कसेबसे तिघे वर आले.

पायऱ्यांवर बसून आक्का "मी नाव घेतलं त्यांचं," एवढंच पुटपुटत होत्या. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडे मानत.

पावसाळ्यात दादांना विषमज्वर झाला. आक्कांनी अन्न सोडलं. शेवटी एके दिवशी सासूबाईंच्या पायाशी बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी दाराशी उभी. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग काय, अहो अहो म्हनत बुडू द्यायचं हुतं व्हय त्याला? ऊठ, जेव आधी."

दादा बरे झाले. आज नव्वदीला आलेत. आक्कांनी मात्र पुन्हा कधी त्यांचं नाव घेतलं नाही. जेवायला बोलवायचं तर स्वयंपाकघरातून झाकणावर उलथनं वाजवायच्या.

परवा बेलापूरला गेले होते. दादांची सूनबाई दोनदा सांगून आली, "मामा, ताट वाढलंय." दादा हो म्हणाले, पण ओसरीवरून हलले नाहीत. मी आत झाकणावर उलथनं वाजवलं. दादा लगबगीनं उठले, भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, आणि मला पाहून तिथंच थांबले...