घड्याळाला नाव आहे

वाचनालयाच्या सरांनी माझ्या हातातून वर्तमानपत्र ओढलं आणि जिथं माझी बोटं लागली होती, तिथं धोतराच्या सोग्यानं पुसलं.

नऊ वर्षांची होते मी. तेलुगू मुलखातलं, नल्लकुंट्याचं मराठी वाचनालय. माझी आई गंगाबाई तिथं झाडूवाली. मी पायरीवर बसून मथळा वाचला. मोठ्यानं वाचला, हीच चूक. वाचनालय चालवणारे ते सर म्हणाले, "झाडूवालीची पोर वाचते! अर्थ कळतो का गं?"

सगळे हसले. आईही हसली.

सरांचं पुसणं मी गिळलं. आईचं हसणं नाही. ते अजून कानात आहे बघा. कुकरची शिट्टी झाली तरी मागून ऐकू येतं. वाचनालयातली कपाटं, पुस्तकं रोज आईच पुसायची की! आईनं पुसली की ती स्वच्छ व्हायची, आणि माझं बोट लागलं की मळायची?

शाळा सुटली. वाचणं नाही सुटलं. पुड्यांचे कागद वाचले, पाट्या वाचल्या. साठीनंतर मोबाईलवर, कुणालाही लिहिता येतं त्या ज्ञानकोशात लिहायला शिकले. आपलं आपणच. आता तारनाक्याची कॉलेजची पोरं दर रविवारी येतात, त्यांना शिकवते. कुठं? त्याच वाचनालयात. खातं कसं उघडायचं, ओळ कशी घालायची. आणि पहिला नियम, संदर्भ द्या. ऐकीव चालत नाही, छापील दाखवा.

गेल्या महिन्यात पोरं वाचनालयावरच लेख लिहीत होती. समोर मोठा पडदा. श्रावणी नवीनच, मराठी अडखळत वाचणारी. तिनं मला न विचारता, माझ्याच तोंडून ऐकलेली ओळ घातली: या वाचनालयाची झाडलोट तीस वर्षं गंगाबाईंनी केली.

वाचनालयाचे आताचे अध्यक्ष म्हणजे त्या सरांचेच चिरंजीव, वकील. पडद्याकडे बघून म्हणाले, "मावशी, तुमच्या आईला संदर्भ आहे का?"

सगळे हसले. मीही हसले.

आणि ऐकलं. माझ्या गळ्यातून आई हसत होती. तेच हसणं, तसंच.

श्रावणी पुटपुटली, "आजी, आप कायकू हसतंय?"

नियम मीच शिकवलेला. ती ओळ मी माझ्या हातानं काढली. मग अध्यक्षांकडे वाचनालयाची जुनी स्मरणिका मागितली. "ही चालते ना संदर्भाला? यात घड्याळ कोणी दिलं ते आहे. पंखे कोणी दिले ते आहे. झाडलोट कोणी केली?"

"बसा मावशी, चहा घ्या."

"घेत नाही. आणि मी हसले ना मघाशी, ते परत घेते."

कोणी हसलं नाही.

आता रविवार माझ्या घरी, तारनाक्याला. पोरांना आधी घराघरात पाठवते. कोणी झाडलं, कोणी पाणी भरलं, कोणी मैला उचलला, नावानिशी लिहून आणा. ते छापणार आहे. मी छापलं म्हणून लगेच चालणार नाही, ठाऊक आहे. परक्या माणसानं ते पारखून त्यावर छापील लिहावं लागेल, मगच तो संदर्भ. वेळ लागेल. लागू दे.

ती ओळ त्या पानावर परत जाईल. संदर्भासकट.

मग पुसून दाखवा.