आज कोन रडलं?

फोन आला तेव्हा मी मंचरच्या आमच्या लॅबमध्ये एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते. फोन शेजारच्या कमलताईंचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "सुजाता, आत्या गेल्या. निघ तू." मी फोन ठेवला, आजोबांचं रक्त काढलं, नळीवर त्यांचं नाव लिहिलं, कापूस दाबून धरा म्हणून सांगितलं आणि मग बाकड्यावर बसले. हात जरासुद्धा थरथरला नव्हता. त्या हाताचा मला अजून राग येतो...

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांना जाऊन आता महिना उलटून गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, त्रिसरण-पंचशील म्हणून झालं आणि मग लोक एकेक करून बोलले. विहाराचं अंगण त्यांनी कसं कधी कुणाला झाडू दिलं नाही हे कुणी सांगितलं, बेल्ह्याच्या बाजारात शेळी घेताना त्यांनी दलालाला कसा घाम फोडला हे कुणी सांगितलं. निमगाव साव्याहून आलेले त्यांचे भाऊ तर हसता हसता रडले. शेवटी "सूनबाईंनी दोन शब्द बोलावेत" असं कुणीतरी म्हणालं. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. तेव्हा न बोललेले शब्द आज लिहिते आहे.

लग्नाआधी मी लॅब टेक्निशियन म्हणून काम करत होते. लग्नानंतरही केलं. मग मुलगी झाली, तिच्यामागं मुलगा झाला आणि मी घरी बसले. बसले म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं, नाहीतर त्या नऊ वर्षांत मी कधी बसल्याचं मला तरी आठवत नाही. धाकटा शाळेत रुळला तेव्हा मी पुन्हा नोकरी शोधायला लागले, तर जो तो एकच विचारायचा, की हा एवढा मोठा गॅप कसला? एका ठिकाणी तर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ती नऊ वर्षं तुरुंगात काढून आले होते. घरोघरी सल्ले तयार होते. मावसबहीण म्हणाली, शिकवण्या घेत होते म्हणून सांग. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की मित्राचं मेडिकल आहे, तिथं काम करत होतीस असं सांगू. आत्या लसूण सोलत ऐकत होत्या. त्यांना हा घोळच कळेना. त्यांनी स्वतः पोरं बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगून खुरपणी केली होती, त्यामुळे मूल आणि काम यांच्यात भिंत असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या म्हणाल्या, "दोन पोरं वाढवली म्हनून सांग की. त्यात चोरी कसली?"

मुलाखतीच्या दिवशी मिलिंद चाकणला कंपनीत शिफ्टवर होता, म्हणून त्या माझ्यासोबत मंचरला आल्या. मी त्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं आणि काही झालं तरी आत यायचं नाही, असं दोनदा बजावलं. आत डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलंच. मी खोटं बोलले नाही. मुलं वाढवली म्हणून सांगितलं, आवाज मात्र चोरी केल्यासारखाच निघाला. डॉक्टर काही वाईट नव्हते. त्यांनी मान डोलावली आणि मग खरा प्रश्न काढला. मुलं अजून लहान आहेत, उद्या एकाला ताप आला तर घरी कोण? आमचं सकाळचं काम तर थांबत नाही. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "मी हाय की." आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. आत यायचं नाही हे त्यांनी तंतोतंत पाळलं होतं, पाऊल उंबऱ्याच्या पलीकडेच होतं. डॉक्टर हसले. मी लाजेनं अर्धी झाले. आणि मला नोकरी लागली.

माझ्या शिक्षणामुळे ती लागली असं मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. खरं म्हणजे ती त्या तीन शब्दांवर लागली. आणि आत्यांनी ते शब्द पाळले. मुलांचे डबे, ताप, पालकसभा, खरचटलेले गुडघे, सगळं त्यांनी बघितलं. वर संध्याकाळी मला न्यायला त्या फाट्यावर यायच्या. फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि आमच्याकडे ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. हातात काठी, बॅटरी आणि तोंडाने अखंड बडबड. माणसाचा आवाज आला की तो वाटेला येत नाही, हे त्यांचं पक्कं मत. म्हणून आमच्या सासू-सुनेच्या साऱ्या गप्पा त्या रस्त्यावर ओरडून झाल्या. एसटीतून उतरले रे उतरले की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "आज कोन रडलं गं?" सुई बघून कोण रडलं, हे त्यांना रोज हवं असायचं. मग मी मोठमोठ्याने सांगायचे, की शाळेतल्या पोरी हसत हात पुढं करतात आणि मिशीवाला पैलवान बाटलीतलं रक्त बघून आडवा होतो. त्या इतक्या हसायच्या की बिबट्या असलाच तर तालुका सोडून जाईल. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या तब्येतीचं वाईट काहीतरी हातात यायचं, ते सगळं त्या उसात सांडून मी घरी रिकामी पोचायचे.

गेल्या वर्षी त्या वाटेत थांबायला लागल्या. अर्ध्या वाटेवर ओढ्यावरची एक मोरी आहे, तिथं वाकायच्या आणि म्हणायच्या, "चपल निसटती गं, थांब." मी मंचरहून त्यांना नवी चप्पल आणली. मग म्हणायला लागल्या की नवी चावते. मी हसले, थट्टाही केली, की आत्या, तुमचे पाय आता महाराणीचे झाले. त्यांना दम लागत होता. रोज लोकांचे रिपोर्ट हाताळणारी मी, मला चप्पल दिसली. छातीत दुखतं हे मिलिंदला माहीत होतं आणि त्याला त्यांनी माझी शपथ घातली होती. दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्याने सांगितलं, की आत्या म्हणाल्या, "तिला कळलं तर ती घरी बसंल. मग पुन्हा मधी काय केलं म्हनून इचारतील तिला." दुसऱ्याच्या प्रश्नाला भिऊन कुणी स्वतःचं दुखणं लपवतं का? मला त्यांचा फार राग आला. रडूही त्यामुळेच जास्त आलं.

घरी आणल्यावर मी रजा टाकते म्हणाले. त्यावर आमचं चांगलंच वाजलं. "तू घरी बसलीस तर मी गोळी घेनार न्हाई," असं त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. हट्टाच्या बाबतीत मी त्यांच्यापुढं पोर. मी कामावर जात राहिले. चौथ्या दिवशी दुपारी, शेळीला पाला टाकून ओट्यावर टेकल्या, त्या तिथंच गेल्या.

पुण्यानुमोदनाचं जेवण झाल्यावर नात्यातल्या एक बाई माझ्याजवळ सरकल्या. "तू घरी असतीस तर..." एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. पुढचं मी रोज मनात पुरं करते. मग दुसऱ्या कुणीतरी म्हणालं, आता पोरांची शाळा, घरातलं सगळं, नोकरी कशी जमायची? घरी कोण आहे? मुलं भिंतीला टेकून उभी होती. आणि मी, वेड्यासारखी, उंबऱ्याकडे बघितलं. उंबऱ्यात चपलांचा ढीग होता. पांढऱ्या साडीचा पदर तोंडाला लावून मी म्हणाले, की सोमवारपासून कामावर जाणार आहे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काय म्हणायचं ते म्हणू देत. आत्यांनी जीव घालून जे राखलं ते मी काय म्हणून सोडायचं?

घराची किल्ली आता कमलताईंकडे असते. मुलं शाळेतून येऊन स्वतःच चहा करतात, धाकटा दूध उतू घालवतो. जमतंय, असं काही म्हणता येणार नाही.

त्या सोमवारी एसटीतून उतरले तेव्हा दिवस बुडत होता. फाट्यावर कुणी नव्हतं. मिलिंदने सांगून ठेवलं होतं, की मोबाईलवर गाणी लावून चाल, आवाज झाल्याशी कारण. मी मोबाईल काढला आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला. उसात वारा शिरला होता. एकटीने काय बोलायचं ते सुचेना, मग मी लॅबमधलंच सांगायला लागले, मोठ्याने. एक पोलीस आला होता, आत्या, सुई बघून डोळे मिटून बसला. एका बाळाने माझ्या बोटाला चावा घेतला. बोलत बोलत मोरीपाशी आले आणि पाय आपोआप थांबले. तिथं वाकायला कुणी नव्हतं. मी चपलेच्या पट्ट्याशी उगाच हात नेला, थोडा वेळ तशीच वाकून राहिले.

"आज मी रडले, आत्या," मी म्हणाले. घरापर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्याने.